विजेच्या बाजाची रेकॉर्ड

"यंदाच्या जयंतीले लाउडस्पीकरवर दुसऱ्या कोनाचं काईच वाजनार नाई. आपल्या बँडची रेकॉर्ड वाजन! जानराव बोलून राहिला, लेहून ठेवा!"

जानराव बँडमास्तरांनी हे १९६२ सालच्या जयंती कमिटीच्या बैठकीत, उठता उठता, चपला शोधता शोधता सांगितलं. आता असं बोलणं लोक ऐकतात आणि सोडून देतात. पण कमिटीचे अध्यक्ष उत्तमराव हे तालुका कचेरीत कारकून. 'लिहून ठेवा' म्हटलं की लिहूनच ठेवायचे! चार दिवसांत हँडबिल छापून आमच्या अख्ख्या फ्रेजरपुऱ्यात वाटलं गेलं. पहिलं त्रिशरण-पंचशील. दुसरं, जानराव आणि पार्टी यांची रेकॉर्ड.

केशरबाईंना आपल्या नवऱ्याची रेकॉर्ड निघाल्याचं त्या हँडबिलावरून कळलं.

"अवो, कुठं हाये ते रेकॉर्ड?"

"निघनार हाये."

"अन् नाई निघाली तं?"

"तं मी टरंपेट हिरीत टाकतो अन् हात जोडतो! बस?"

केशरबाई नवऱ्याला ओळखून होत्या. हा माणूस हट्टाला पेटला की खरंच टाकेल, आणि मग घरात बसून तोंडाने वाजवेल!

नशीब असं की, मुंबईच्या एका कंपनीची माणसं तेव्हाच अकोल्यात गाणी भरून घ्यायला आली होती. जानराव धावत गेले. साहेब जांभई देत म्हणाला, "बँड फार ऐकले हो. तुमच्याकडे नवीन काय आहे?"

"विजेचा बाजा हाये ना!" जानराव बोलून गेले.

बाजा होता, यात खोटं काही नाही. पुतण्या धर्मपाल मुंबईला विजेची कामं करी, त्यानेच तो आणून दिलेला. दिसायला पेटीसारखा, पण भाता नाही. पोटात काचेचे दिवे. एक बटण फिरवलं की पुंगीसारखा वाजे, दुसरं फिरवलं की सनईसारखा, आणि बिघडला की भुकेल्या रेडकासारखा! पण बँडमधल्या अकरा गड्यांपैकी एकानेही त्याला हात लावला नव्हता. वायरीने भिंतीला बांधलेलं वाद्य घेऊन मिरवणुकीत जायचं कसं? दाव्याला बांधलेला बैल शंकरपटात पळवण्यासारखंच ते.

शिवाय घरात विजेचा होल्डर एकच, तोही चुलीवर. त्यामुळे बाजा आला तो थेट पिठाच्या डब्याशेजारी बसला. आणि भाकरी भाजेपर्यंत रिकाम्या हाताने काय करायचं म्हणून केशरबाई वाजवायला लागल्या! बाहेरच्या ओसरीवर बँडची तालीम चाले, आत केशरबाई तीच चाल बोटांनी शोधत. बाजाच्या पट्ट्यांत ज्वारीचं पीठ गेलं, पण चाल बोटांत बसली.

सासूबाई चतुराबाई पाटावरून ओरडत, "सैपाक करून राहिली का वरात काढून राहिली वं?"

तेव्हा अकोल्याला केशरबाईंना नेण्यावाचून इलाज नव्हता. बडनेऱ्याला गाडी बदलताना जानरावांनी बजावलं, "एकच पट्टी दाबून बसजो. निस्ता सूर धर. मधात बोटं घालू नको. रेकॉर्ड बँडची हाये, सैपाकघराची नाई!"

केशरबाईंनी गोधडीत गुंडाळलेला बाजा मांडीवर घट्ट धरला.

गाणी भरायची जागा म्हणजे एका जिनिंग फॅक्टरीचं गोदाम. आवाज घुमू नये म्हणून चारी बाजूंनी कापसाच्या गठाणी रचलेल्या. मधे गल्लीएवढी जागा. तिथे लाल कोट, सोनेरी झालर लावलेले अकरा गडी उभे राहिले. साहेब यंत्र घेऊन पलीकडच्या खोलीत. जाताना म्हणाला, "लाल दिवा लागला की सुरू. तीन मिनिटं. आणि जागेवरून कुणी हलायचं नाही!"

लाल दिवा लागला. आणि बँडला वाजवताच येईना!

वीस वर्षांत तो बँड कधी उभा राहून वाजला नव्हता. जयंती असो, लग्न असो, चालत चालतच वाजवायचं. पंजाबराव तर डावा पाय पडला की ढोलावर टोला मारत. पाय थांबला, हात थांबला. ढोल थांबला, तसे बाकीचे एकमेकांच्या तोंडाकडे पाहायला लागले.

"काय झालं बे, पंजाब?"

"मास्तर, पायच नाई उचलला तं टोला कसा मारू?"

दुसऱ्या वेळी जानरावांनी जागच्या जागी पाय आपटायला सांगितले. साहेब खोलीतून धावत आला. "तुम्ही घोडे आणलेत का आत? अहो, नुसत्या टापा येतायत! आता शेवटची एकदा. मला संध्याकाळची गाडी आहे."

जानरावांच्या डोळ्यांपुढे हँडबिल, हँडबिलापुढे विहीर! त्यांनी डोकं चालवलं. "बूट काढा! अनवानी चाला. ह्या दारातून भाईर, मांगच्या दारातून आत. अर्ध्या मिनिटाची चक्कर. तिकडं साहेबाले काय दिसते!"

लाल दिवा लागला. धडाड् करून चाल उठली, असा जोम कधी नव्हता! अकरा गडी अनवाणी, वाजवत वाजवत दारातून बाहेर पडले. केशरबाई एकट्याच वायरीला बांधलेल्या. एक पट्टी दाबून बसलेल्या.

अर्धं मिनिट झालं. मागचं दार काही उघडलं नाही.

उघडणार कसं? दाराला लावून कापसाची बैलबंडी उभी होती! थांबावं तर चाल मोडते. म्हणून जानराव तसेच फॅक्टरीला वळसा घालायला सडकेवर निघाले. कोपऱ्यावर शिपायाने काठी आडवी घातली.

"मिरवनुकीचा परवाना कुठं हाये?"

"मिरवनूक नाई साहेब, रेकॉर्ड हाये!"

"अकरा मानसं सडकेनं वाजवत चालले, अन् मिरवनूक नाई? मले येडा समजता काय? अन् कुनाची रेकॉर्ड? कुठं हाये रेकॉर्ड?"

इकडे गोदामात ढोल विरत विरत गेला. केशरबाईंनी दाराकडे पाहिलं, दिव्याकडे पाहिलं. दिवा लालच. एका पट्टीवर तीन मिनिटं! ही रेकॉर्ड निघाली तर जयंतीला लोक हसतील, नाही निघाली तर टरंपेट विहिरीत.

त्यांनी पदर खोचला, बटण सनईवर फिरवलं आणि दुसरा हात पट्ट्यांवर ठेवला. चाल सगळी बोटांत होतीच. ढोल नव्हता, तर पायातल्या जोडव्याने फरशीवर ठेका धरला. मधे पुंगी, पुन्हा सनई. चुलीवर भाकरी नाही, पाठीमागे सासूबाई नाहीत. असं मोकळं त्यांनी कधी वाजवलं नव्हतं!

चाल संपत आली तेवढ्यात जानराव आत धावले. बाकी दहाजण त्यांनी शिपायाकडे तारण ठेवले होते. छातीचा भाता झालेला. त्यांनी टरंपेट तोंडाला लावलं आणि होता नव्हता तेवढा श्वास फुंकला.

"पों!"

लाल दिवा विझला.

साहेब बाहेर आला तो हसतच. "वा! बँड हळूहळू लांब न्यायचा आणि मग बाजा एकटा ठेवायचा, ही कल्पना कुणाची?"

"माही!" जानराव म्हणाले.

केशरबाई वायर गुंडाळत होत्या. गुंडाळतच राहिल्या.

रेकॉर्ड जयंतीच्या आदल्या दिवशी आली. वर सोनेरी अक्षरांत 'जानराव आणि पार्टी'. दुसऱ्या दिवशी त्रिशरण-पंचशील झालं आणि मांडवातल्या लाउडस्पीकरवर ती लागली. आधी धडाड्! जानरावांनी मिशीवर हात फिरवला. मग बँड दूर दूर गेला आणि बाजा सुरू झाला. डोळ्यांत पाणी आलेल्याही दोघी-चौघी मी पाहिल्या.

बायकांमधून चतुराबाई मोठ्याने म्हणाल्या, "माय वं! हे तं आपल्या चुलीपासचं हाये!"

सगळ्यांच्या माना केशरबाईंकडे वळल्या. जानरावांचा हात मिशीवरून खाली आला. उत्तमराव जवळ सरकले. हातात हँडबिल होतंच.

"मास्तर, बाजा झकास! पन इथं नाव तुमचं हाये. मंग याच्यात तुमी कुठं हाये?"

जानरावांनी बायकोकडे पाहिलं. केशरबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"थांबा भाऊ जरासं," त्या म्हणाल्या. "येऊनच राहिले."

"पों!"