आखूड पायाची निळी गाय

पताका लावताना वीबेचं कोपर भिंतीवरच्या निळ्या थाळीला लागलं आणि सासूबाईंचे पणजोबा फरशीवर पडून फुटले.

म्हणजे फुटली थाळीच. पण हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या त्या घरात दोन्ही एकच. डीनाबाई सांगायच्या, पणजोबांनी ती स्वतःच्या हाताने रंगवली: पवनचक्की, पक्षी आणि एक पाय आखूड असलेली गाय. आज डीनाबाईंचा वाढदिवस. त्या केस सेट करायला गेलेल्या, दुपारी नातलग येणार. त्यांच्या लिस्बेतशी लग्नाला इतकी वर्षं झाली तरी त्यांनी जावयाला केकचा दुसरा तुकडा कधी दिला नव्हता. आता पहिलाही गेला.

*सासूबाईंचा नियम: हाताने रंगवलेल्यात रेघ कुठे जाड, कुठे बारीक. कारखान्याच्या छापील थाळीत भिंगातून नुसते ठिपके.*

वीबे तुकडे पिशवीत भरून सायकलवरून कालव्याकाठच्या जुन्या बाजारात पोहोचला.

"हाताने रंगवलेली हवी. अगदी अश्शीच."

दुकानदार यूपने तुकडे पाहिले, टेबलाखालच्या खोक्यात हात घातला. पवनचक्की, पक्षी, गाय. पायसुद्धा तोच आखूड. वीबेला नाचावंसं वाटलं.

"छापील आहे हो ही," यूप म्हणाला.

"आमची नव्हती."

"तुमचीही. हाताने काढलेल्या दोन गाई एकसारख्या लंगडतात का कधी?" त्याने फुटक्या तुकड्यावर भिंग धरलं. ठिपकेच ठिपके.

"सासूबाईंच्या पणजोबांनी रंगवलीय!"

"मग पणजोबा मशीन असतील. घेऊन टाका. बरी खपते ही."

परतताना वीबे इतका हसला, की सायकल कालव्यात जायची थोडक्यात राहिली. पण सांगणार कुणाला? आधी फोडल्याचं सांगावं लागलं असतं. नवी थाळी त्याने गुपचूप जुन्याच खिळ्याला टांगली.

*सासूबाईंचा आणखी एक नियम: थाळी लांबूनच बघावी.*

दुपारी सगळे गोल करून बसले. तिथल्या वाढदिवसाच्या रीतीप्रमाणे प्रत्येकाने प्रत्येकाचं अभिनंदन केलं. वीबेचंही झालं, सासूबद्दल. मग भाचा एव्हर्टने भेट दिली: पितळी मुठीचं भिंग.

"मावशी, तू एवढी जाणकार. आता दाखव बघू पणजोबांच्या रेघा."

डीनाबाई थाळीजवळ गेल्या. वीबेची कॉफी बशीत सांडली. त्यांनी बराच वेळ भिंगातून पाहिलं.

"काय हात होता," त्या म्हणाल्या, आणि भिंग पर्समध्ये टाकलं.

"मी बघू?" एव्हर्ट उठला.

"बस. कॉफी गार होतेय. वीबे, केक कापायला ये."

स्वयंपाकघरात त्यांनी दार लोटलं. "माझ्या थाळीवर धूळ असायची रे. कुठे गेली?"

वीबेने सुरी खाली ठेवली. "आई, सकाळी पताका लावताना..."

"यूपकडून आणलीस?"

"तुम्ही ओळखता त्याला?"

डीनाबाईंनी खालचं कपाट उघडलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या थाळ्यांची चळत. वरच्या कागदातून एक आखूड पाय डोकावत होता.

"खरी लिस्बेतने फोडली, लहानपणी, चेंडूने. रडून रडून ताप आला पोरीला. रात्रीत दुसरी लावली, म्हटलं बघ, फुटलीच नव्हती. पुढे ह्यांनी फोडली, मग मांजरीने. विचारायचंस तरी, बाजारात कशाला पळालास?"

"म्हणजे लिस्बेतला..."

"कळता कामा नये. किती मिरवते ती पणजोबांना."

"माझ्याकडून नाही कळणार."

डीनाबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं, आणि त्याच्या बशीत केकचा तुकडा ठेवला. मग आणखी एक.

वीबे ती बशी घेऊन बाहेर आला. सगळ्यांनी बशीतले दोन तुकडे पाहिले. एव्हर्ट उठला, बाकीचेही उठले, आणि एकेकाने येऊन त्याचं पुन्हा अभिनंदन केलं.