एका कॉइलची तीन मापं

रविवारी सकाळी अकरा वाजता, जर्मनीतल्या इंगोलश्टाटमध्ये आपल्या इमारतीच्या तळघरात, शार्दूल देवधर रंगाच्या रिकाम्या डब्यावर बसून कपाळावरचा घाम पुसत होता. समोरच्या खोक्यावर वाफ ओढायची तीन व्हेपयंत्रं ओळीने मांडलेली होती. कॉइल, म्हणजे आतली तापणारी तार, मात्र एकच. ती पहिल्यावर बसवली की पडद्यावर ०.४२ ओहम यायचं, दुसऱ्यावर ०.४७ आणि तिसऱ्यावर ०.३९. तीच तार, आणि तीन यंत्रांची तीन तोंडं!

दुसऱ्या कुणी हा नाद सोडून दिला असता. पण शार्दूलचा पोटापाण्याचा धंदाच कॅलिब्रेशनचा. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत दिवसभर मोजमापाची यंत्रं तपासायची, आणि घरच्या यंत्रांनी वाकुल्या दाखवायच्या म्हणजे काय? वास्तविक ही यंत्रं घरात असायलाच नको होती. दिवाळीत त्याने बायकोच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती, "आजपासून बंद!" त्यावर मीनल शांतपणे म्हणाली होती, "पुन्हा सापडलास ना, तर मी पोरीला घेऊन पुण्याला चालले. तू बस इथे वाफा सोडत." आणि मीनल बोलते ते करते, हे शार्दूलला लग्नाच्या नऊ वर्षांत पुरतं कळलं होतं.

"अहो शार्दूलराव, कांदे कुठे ठेवलेत?"

दारात सासरे! वासुदेवराव आठवड्यापूर्वीच पुण्याहून आले होते. चौतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक. ते येताहेत म्हटल्यावर मंडईतले व्यापारी आधी काटे पुसायला घ्यायचे म्हणे.

"हे काय मांडलंय?"

"हे ना बाबा... ऑफिसचं आहे. रेझिस्टन्स मोजायची यंत्रं."

थाप तशी अर्धीच होती, पडद्यावर ओहम दिसतच होते. पण वजनमापेवाल्याला मारायला याहून घातक थाप जगात दुसरी नसेल. वासुदेवराव कांदे विसरले. त्यांनी चष्मा चढवला आणि खोक्यासमोर चक्क मांडी घातली.

"बसवा बघू कॉइल. बेचाळीस. आता यावर. सत्तेचाळीस? आणि हे एकोणचाळीस! अहो, तुमची जर्मनी ती हीच का? आमच्याकडे भंगारवाल्याचा काटासुद्धा इतका फिरत नाही."

"आल्झो... म्हणजे बाबा, थोडा फरक चालतो..."

"चालतो? तुम्ही कॅलिब्रेशनवाले असं बोलता?" मग त्यांनी खोडरबर मागवलं, सांधे घासले, आकडे पुन्हा घेतले. पहिलं दोनने उतरलं. त्यांना आणखी चेव आला. "हे बटण कशाचं?" असं विचारता विचारताच त्यांनी ते दाबलं. यंत्र सुरसुरलं आणि वाफेचा लोट थेट त्यांच्या चष्म्यावर आला.

"वाफ कशी काय?"

"कूलंट, बाबा. गरम झालं की उडतं."

"कूलंटला हापूसचा वास?"

"तो... गळती कळावी म्हणून. आपण गॅसला नाही का वास घालत?"

"व्वा!" वासुदेवराव मनापासून म्हणाले. "डोकं आहे लोकांना. मोजता येत नाही, ते सोडा."

एवढ्यावर भागलं असतं तर शार्दूलने सत्यनारायण घातला असता. पण तेवढ्यात शेजारचे श्टाइनरआजोबा, कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर, आपलं तळघर उघडायला आले. वासुदेवरावांनी त्यांना खुणेनेच आत ओढलं, तीन आकडे बोटांनी दाखवले. श्टाइनरआजोबा स्वतःचा मल्टिमीटर घेऊन आले. त्यावर चौथाच आकडा आला! दोघा म्हाताऱ्यांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता, पण दोघांच्याही माना एकाच दुःखाने हलल्या. मग श्टाइनरनी यंत्र नाकाशी नेलं, शार्दूलकडे पाहिलं आणि जर्मनमध्ये काहीतरी पुटपुटले.

"काय म्हणाले हो?"

"म्हणाले, यंत्रं चांगली आहेत." म्हणाले होते ते वेगळंच: सायकलींच्या शेडमध्ये हिवाळाभर आंबा कुठून पिकत होता, ते आज समजलं.

दुपारी वासुदेवरावांनी तिन्ही यंत्रं जेवणाच्या टेबलावर, वरणाच्या पातेल्याशेजारी मांडली. मीनलने यंत्रांकडे एकदा पाहिलं आणि पोळी वाढली.

"मीनल, उद्या मी यांच्या साहेबांना भेटणार," वासुदेवराव म्हणाले. "असल्या सदोष यंत्रांनी गाड्यांचे भाग तपासले तर माणसं मरतील. गप्प बसणं माझ्या रक्तात नाही."

"भेटाच बाबा," मीनल म्हणाली. "मी सोडते गाडीने."

शार्दूलला चित्रच दिसलं. साहेबांच्या टेबलावर आपली तीन व्हेप, समोर सासरे, शेजारी बायको! नोकरी, संसार, अब्रू, सगळंच एका फटक्यात जाणार. जेवण होताच त्याने सासऱ्यांना बाल्कनीत गाठलं आणि दार लावून घेतलं.

"बाबा, पाया पडतो, ऑफिसात जाऊ नका. ती यंत्रं ऑफिसची नाहीत. माझी आहेत. ओढायची आहेत."

वासुदेवरावांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि खाकरून वाचला.

"पंचनामा. यंत्रं नग तीन. वाचनं तिन्हींची वेगळी. तोंडाकडची बाजू तिन्हींची ओली." त्यांनी कागद पुढे केला. "अहो, पारड्याखाली चिकटवलेली चिंच शोधण्यात जन्म गेला माझा. सही करा. माल जप्त."

"करतो! पण मीनलला नका सांगू. शब्द दिलाय मी तिला. खरंच सोडतो, बाबा. ती निघून गेली तर मी काय करू?" शार्दूलने सही ठोकली.

वासुदेवरावांनी सही निरखली, कागद खिशात टाकला आणि जावयाच्या पाठीवर हात ठेवला.

"शार्दूलराव, निरीक्षक आपणहून कुठे जात नसतो. तक्रार आली, की निघतो."

"तक्रार? कोणाची तक्रार?"

आतून मीनलचा आवाज आला, "बाबा, झाली का त्याची सही? चहा टाकलाय!"