सिंधूची खुर्ची, पाहुण्यांची घागर

मी मनावर घेतलं असतं तर चाकाचा शोधसुद्धा लातूर जिल्ह्यातच लागला असता! पण माझा जन्म जरा उशिरा झाला, आणि लातूर जिल्हा तर माझ्याहूनही उशिरा जन्मला. तेव्हा चाकाला खुर्ची जोडण्यावरच मला समाधान मानावं लागलं.

गोष्ट त्या दुष्काळातली. लातूर वेगळा जिल्हा होऊन थोडीच वर्षं झाली होती आणि नवेपणाचा उत्साह सगळ्यांच्या अंगात संचारला होता. जे निघेल त्याच्यापुढे 'जिल्हास्तरीय' हा शब्द! जिल्हास्तरीय भजन, जिल्हास्तरीय रांगोळी. आमच्या नाक्यावरचा न्हावीसुद्धा जिल्हास्तरीय दाढी करायचा! फक्त पाऊस तेवढा जिल्हास्तरावर यायला तयार नव्हता. अशात एके दिवशी जाहीर झालं, पहिल्या जिल्हास्तरीय अपंग क्रीडा स्पर्धा होणार.

मी तेव्हा तंत्रनिकेतनात शेवटच्या वर्षाला होतो. शेवटच्या वर्षी काहीतरी स्वतः बनवून दाखवावं लागे. माझा जोडीदार निवृत्ती, नांदेडकडच्या हदगावचा. वेल्डिंगला त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. डोकं माझं आणि हात त्याचे, अशी आमची वाटणी होती. ही वाटणी कुणी केली होती हे सांगायला नकोच! मी वर्गात उभा राहून छातीठोकपणे सांगितलं, "आम्ही शर्यतीची चाकाची खुर्ची करणार! गरिबाला परवडेल आणि कुणालाही पळवता येईल अशी!"

निवृत्ती हळूच म्हणाला, "भुजंग्या, पन बसनार कोन?"

बसणारी आमच्या डोळ्यांसमोरच होती. आमच्या कॉलेजच्या मैदानाच्या कुंपणाला लागून धुरपताबाईंचं घर. त्यांची मुलगी सिंधू आमच्याच वयाची. लहानपणी पोलिओनं दोन्ही पाय गेलेले. हाताने फिरवायच्या मशीनवर ती ब्लाउज शिवायची, त्यामुळे दंड पैलवानाचे आणि जीभ कात्रीची! मशीन दारात, तोंड मैदानाकडे. संध्याकाळी पोरं पळायला लागली की मशीनचा आवाज थांबायचा. हातातलं कापड तसंच राहायचं. ती पोरांकडे एकटक बघत बसायची.

आम्ही गेलो. धुरपताबाईंनी जयभीम केला, बसायला सतरंजी टाकली. मी शर्यतीचं सांगितलं तशी सिंधूच्या हातातलं चाक एकदम थांबलं.

"खरंच पळता येतंय व्हय खुर्चीवर?"

"अहो सिंधूताई, पळता काय, उडता येतंय! तुम्ही फक्त बघा!"

आणि आम्ही पहिली खुर्ची बनवली. काय थाट होता तिचा! पाठीला गादी, हाताला गादी, पायाखाली पाट, वर उन्हासाठी छत्री! दोघांनी मिळून ती ढकलत दारात आणली. सिंधूने तिच्यावरून नजर फिरवली.

"भुजंगभाऊ, माझी वरात काढाया लागलात काय तुम्ही?"

"का? काय झालं?"

"हिच्यात बसून मी हळदीची नवरी दिसन. मला मिरवायचं न्हाई. मला पळायचंय! हे छत्री-बित्री काढा. गाद्या काढा. माझे हात चाकापर्यंत पोचाया पाहिजेत. माझ्याकडनं मापं घेतली का तुम्ही? ब्लाउज शिवाया मी मापं घेते, आन खुर्ची काय अंदाजानं?"

मापं खरंच घ्यायची राहिली होती. डोकं माझं होतं ना!

दुसरी खुर्ची मात्र मापाची झाली. सायकलची दोन चाकं, मोडक्या खाटेच्या नळ्या, बसायला खाटेचीच नवार, पुढे पोरांच्या तीनचाकीची छोटी चाकं. वजनाला इतकी हलकी की निवृत्ती ती एका हाताने उचलून दाखवायचा. सिंधू बसली, चाकांना हात लावला, आणि खुर्ची जरा पुढेमागे करून पाहिली. मग हळूच म्हणाली, "हाव. ही माझी हाय."

एवढ्यावर सगळं थांबलं असतं तर मी आज ही गोष्ट सांगत बसलो नसतो. पण मध्ये दुष्काळ होता.

त्या वर्षी लातुरात रिकाम्या हाताने कुणी कुठे जातच नव्हतं. पाहुणा आला तरी हातात कळशी घेऊन येई, म्हणजे जाताना भरून नेता यावी! कॉलेजात पोरं सायकलच्या एका हँडलला दप्तर आणि दुसऱ्याला डबडं अडकवून येत. लग्नाच्या वरातीत मी करवलीच्या काखेत कॅन पाहिलाय! वाटेत टँकर कुठे भेटेल याचा नेम नाही, म्हणून भांडं अंगावर वागवायचं, हा शहराचा रिवाजच झाला होता. तर सिंधू सरावाला निघाली, तेव्हा धुरपताबाई दारात घागर घेऊन उभ्या!

"मैदानाच्या पल्याड टँकर येतोय. पळायचं तर खुशाल पळ बाई. पन रिकामी कशापायी पळतीस?"

मग घागरही सरावाला निघाली. जाताना घागर रिकामी, तेव्हा मी मागून ढकलायचो. येताना भरलेली घागर मांडीवर घेऊन सिंधू स्वतः चाकं मारत यायची. पहिल्या दिवशी खुर्ची पुढच्या बाजूला जड झाली, छोटी चाकं मातीत रुतली. मी लगेच डोकं चालवलं! निवृत्तीकडून मोठी चाकं चार बोटं पुढे सरकवून घेतली. तोल असा जमला की वा! घागर मांडीवर आणि खुर्ची लोण्यातून सुरी जावी तशी. आमचे कॉलेजचे सर बघायला आले, त्यांनी पाठ थोपटली. गल्ली बघायला आली, तिनेही थोपटली. सिंधूने आणलेल्या पाण्यावर शेजारपाजारचे चहा होऊ लागले. एवढ्या सगळ्या माणसांत एका गोष्टीकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही. ती गोष्ट पुढे येतेच आहे.

सिंधू मात्र खूश नव्हती. एका संध्याकाळी मैदानाच्या मधोमध ती थांबली.

"दमलात?" मी विचारलं.

"न्हाई." तिने घागरीच्या तोंडावर हात ठेवला. "भुजंगभाऊ, मी निघाले की समदे वरडतेत. माय वरडती, सांडंल! पल्याडची विठाबाई वरडती, सावकाश, सांडंल! जन्मल्यापासनं मला समदे सावकाशच म्हनतेत. सावकाश ऊठ, सावकाश बस, पडशील. लई सावकाश झालं. मला एकदा तरी जोरात जायचंय. अंगात हाय तेवढ्या जोरात."

माझे दोन्ही पाय धडधाकट होते आणि त्यांनी मी आजवर फक्त एसटी पकडायला पळालो होतो! त्या मुलीला पळण्याची जेवढी तहान होती, तेवढी त्या वर्षी अख्ख्या जिल्ह्याला पाण्याची नसेल. मी म्हटलं, "शर्यतीच्या दिवशी घागर नाही सिंधूताई. काय पळायचं ते पळा!"

शर्यतीचा दिवस उजाडला. मंडप, पताका, भोंगा! आम्ही दोघांनी खुर्ची ढकलत, मिरवत मैदानावर आणली. सिंधूने नवा ब्लाउज शिवला होता आणि वेणी घट्ट बांधली होती. शर्यतीत तिघी होत्या, पण निलंग्याच्या मुलीची एसटी वाटेत बंद पडली. उरली उदगीरची दानम्मा. ती दवाखान्याची खुर्ची घेऊन आली होती. तिचं एक चाक उदगीरला जायचं आणि दुसरं अहमदपूरला! निवृत्तीने माझ्या कानात सांगितलं, "जिंकलो म्हन आपन."

क्रीडाशिक्षकांनी शिट्टी वाजवली. सिंधूने सगळा जीव एकवटून चाकांना हिसका दिला, आणि खुर्ची जागच्या जागी घोड्यासारखी पुढून उभी राहिली! धप्प! सिंधू पाठीवर, पाय आभाळाकडे, वेणी मातीत!

आता पडला प्रकाश तुमच्या डोक्यात? माझ्याही तेव्हाच पडला. चाकं पुढे सरकवली तेव्हापासून खुर्ची एकट्या सिंधूच्या मापाची राहिलीच नव्हती. ती सिंधू अधिक एक भरलेली घागर यांच्या मापाची होती! घागर काढली आणि तोल मागे गेला!

"पुन्हा शिट्टी! पुन्हा शिट्टी!" मी ओरडलो. प्रमुख पाहुण्यांचे हार अजून चालू होते, त्यामुळे शिक्षक कबूल झाले.

"निवृत्ती, दगड आण!"

निवृत्ती चारी दिशांना पळून आला. "एक न्हाई! पाहुने येनार म्हनून मैदान झाडून काढलंय!"

"गोळाफेकीचे गोळे?"

"कुलपात! किल्लीवाला फेटा आनाया गेलाय!"

"मग पाना? कुठाय पाना? चाकं मागे घेऊ!"

"पाना तुझ्याकडं हुता!"

पाना खोलीवर होता. तेवढ्यात सिंधूने अंगावरची माती झटकली आणि मंडपाकडे बोट दाखवलं. व्यासपीठाच्या कोपऱ्यात, पांढऱ्या फडक्याने झाकलेली, काठोकाठ भरलेली तांब्याची घागर! खास पाहुण्यांसाठी कुठल्या तरी मळ्यातून आणलेलं गोड पाणी. अख्ख्या मैदानावर पाणी म्हणाल तर तेवढंच.

"ती आना."

"अहो ती पाहुण्यांची..."

"आना म्हनते ना!"

पाहुणे भाषणाला उभे राहिले होते. "माता भगिनींनो, पाणी हेच जीवन!" ते डोळे मिटून म्हणाले. त्यांनी डोळे उघडायच्या आत घागर सिंधूच्या मांडीवर होती!

शिट्टी झाली. खुर्ची अशी सुटली की बस! दानम्मा निघायच्या आत सिंधू अर्ध्या मैदानात! गर्दीतून सवयीने आरोळी उठली, "सावकाश! सांडंल!" धुरपताबाईंचा आवाज सगळ्यांत वर, "सिंधे, सांडंल गं!"

एवढं ऐकलं आणि सिंधूचा एक हात क्षणभर घागरीच्या तोंडाकडे गेला. रोजची सवय. एका हाताने घागर धरली असती आणि बेताने गेली असती तरी ती आरामात जिंकली असती. दानम्माची खुर्ची अजून उदगीर की अहमदपूर हेच ठरवत होती. मी मनात म्हटलं, धर, धर घागर!

तिने तो हात परत चाकावर मारला. आणि मग जी ती सुटली! मान पुढे, दोन्ही हात भिंगरीसारखे, आणि घागरीतून पाणी उसळतंय, तोंडावर, केसांवर, नव्या ब्लाउजवर! दुष्काळातल्या त्या धुळीत तिच्यामागे ओल्या मातीची एक रेघ उमटत चालली होती. गर्दी ओरडायची थांबली. धुरपताबाईंनी पदर तोंडात धरला होता. मी आयुष्यात कुणाला इतक्या जोरात जाताना पाहिलं नाही, एसटीलाही नाही!

पण पाणी सांडेल तशी घागर हलकी, आणि घागर हलकी होईल तसा तोल मागे! हे गणित मला तिथे, उभ्या उभ्या, पहिल्यांदाच सुटलं. शेवटची दोरी दोन हातांवर राहिली, सिंधूने आणखी एक जोराचा हिसका मारला, आणि खुर्ची पुन्हा घोड्यासारखी उभी राहिली. धप्प! घागर घरंगळत एकटीच दोरीपार गेली. शिक्षकांनी घागरीला पहिला नंबर द्यायला नकार दिला. दानम्मा कुईकुई करत सावकाश आली, सिंधूला वळसा घालून पुढे गेली आणि जिंकली.

मी जिवाच्या आकांताने पळत पोचलो. सिंधू चिखलात उताणी पडली होती. चिंब भिजलेली, छाती भात्यासारखी खालीवर होत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडभर हसू होतं.

"सिंधूताई! लागलं का? मला माफ करा, चुकलं माझं, मागे एक छोटं चाक लावायला पाहिजे होतं, मी..."

तिने माझा हात घट्ट धरला.

"भुजंगभाऊ," ती धापा टाकत म्हणाली, "आजून एक घागर मिळंल का?"

मी मंडपाकडे पाहिलं. भाषण संपवून, घसा कोरडा पडलेले पाहुणे रिकामा पेला हातात धरून शिपायाला अगदी हेच विचारत होते!