मांडवीच्या दोन किल्ल्यांचा मोड आणि डॉसच्या मोहिमेची हकीकत

मौजे मांडवी, बंदर रत्नागिरी, येथे घडला मजकूर पुढिलांस यथास्थित कळावा, आणि कोणी भलतेच सांगू लागल्यास त्याच्यापुढे ठेवता यावा, म्हणोन हा कागद केला असे. शके एकोणीसशे दहा, विभवनाम संवत्सरे, माघमासी, राजश्री रावजीराव कीर, कस्टम खात्यातील हेडक्लार्कीवरून निवृत्त, आणि त्यांचे कुटुंब सौभाग्यवती दमयंतीबाई, या उभयतांमध्ये घनघोर युद्ध चालू होते.

युद्धाचे मूळ ऐसे की, रावजीरावांचे मनात मांडवीचे बिऱ्हाड मोडून डोंबिवलीस धाकट्या बंधूंचे शेजारी जाऊन राहावे. आणि बाईंचे मनात, समुद्र सोडून दोन खोल्यांत कोण जातो. मसलती बहुत जाहल्या, सलूख होईना. मग चिरंजीव शिवराम, जहाजावर नामजद, यांनी सिंगापुराहून कॉम्प्युटर आणिला, आणि त्यात एक खेळ होता: मध्ये डोंगर, दो अंगांस दोन किल्ले, तोफेचा कोन आणि जोर आकड्यांनी लिहावा आणि गोळा सोडावा. तेव्हा उभयतांनी तह केला की, जो आधी शंभर डाव जिंकील त्याचा शब्द खरा. रावजीराव कागदावर भूमिती मांडून गोळा टाकीत. बाई केळशीच्या, माहेरी आंब्यावरले वानर गोफणीने हाकलण्यात बालपण गेलेले. त्या डोळा बारीक करून आकडा लिहीत आणि गोळा नेमका पडे. ऐसे होता होता बाईंचे सत्त्याण्णव आणि रावजीरावांचे एक्याण्णव जाहले.

ऐशा समयी रावजीरावांचा पुतण्या सदू, मुंबईस फोर्टात कॉम्प्युटरच्या कचेरीत चाकरीस, दो दिवसांच्या मुक्कामास दाखल जाहला. त्याने यंत्र पाहोन नाक मुरडले की, डॉस, म्हणजे यंत्राचा सारा कारभार हाकणारा मूळ प्रोग्राम, जुनी आहे, ऐसी डॉस आता मुंबईत कोणी ठेवीत नाही. मग बॅगेतून नवी डॉस काढोन, जुनी उठवोन, नवीची स्थापना करोन, चहा पिऊन, एस.टी.ने परत रवाना जाहला.

सायंकाळी उभयता रणांगणी आले, आणि पाहतात तो काय! पडदा फाटल्यासारखा जाहला, डोंगर उभा चिरला, रावजीरावांचा किल्ला एकाचे दोन दिसो लागला, आणि बाईंच्या किल्ल्याचा ठावठिकाणा नाही.

बाई म्हणाल्या, "तुमचे दोन नि माझा एकपण नाय?"

रावजीराव म्हणाले, "अगो, मी हातसुद्धा लावला नाही गो. सदूनं केलान काय ते."

"सदूनं केलान. पण सदूला सांगितलान कोणी?"

तीन डाव राहिले असता पुतण्यास फितवून युद्धच बुडविले, ऐसी तोहमत राजश्रींचे माथी आली. तीस वर्षे बंदरावर चाकरी केली, कोणाच्या पेटीतील एक लवंग घेतली नाही, आणि उतारवयी घरात बेइमान ठरलो, हे त्यांचे जिव्हारी लागले. बाईंनी रसद तोडली. मासळी घरात येईनाशी जाहली. दुपारी वरण, रात्री वरण, आणि वरणावर एक शब्द नाही. ऐसे आठ दिवस गेले. रावजीराव पंक्तीस एकटे बसत आणि पिवळे ताट पाहोन उठत.

तेव्हा राजश्रींनी मनात निश्चय केला की, यंत्र सुधारावे, मग त्याच यंत्रावर आपला मोड झाला तरी बेहत्तर. आणि स्वतः मोहीमशीर जाहले. पडद्याच्या साऱ्या कळा पिळल्या. डोंगर फिका जाहला, सांधला नाही. मग तारा उपसोन स्पिरिटाने पुसल्या, व्यर्थ. मग मेजासकट यंत्र पूर्वाभिमुख केले, कंबर धरली. अखेर सदूस खलिता धाडिला. त्याचा जबाब आला तो ऐसा की, नवी डॉस निर्दोष आहे, दोष खेळाचा, खेळ जुना जाहला, टाकून द्यावा. तो कागद बाईंनी वाचिला आणि मुद्देमाल म्हणोन देवघरात ठेविला.

मग राजश्री छत्री घेऊन शहरात गेले, आणि तेथील कॉम्प्युटर क्लासात शिकविणाऱ्या शालनबाई जाधव यांस कुमकेस घेऊन आले. शालनबाई वयाने पंचविशीच्या, बोलणे थोडे, नजर साफ. त्यांनी यंत्र सुरू केले, पाहिले, बंद केले, पुन्हा सुरू केले. कारण कळेना.

इतक्यात दमयंतीबाई, ज्यांनी इतक्या दिवसांत या खोलीत पाऊल ठेविले नव्हते, दारातून म्हणाल्या, "पूर्वी सुरू होताना पाच ओळी यायच्या. आता चारच येतात."

शालनबाई वळल्या. "काकू, पाचवी कसली होती?"

"मला इंग्रजी कुठं येतं गो? पण हे चष्मा शोधेपर्यंत मी ओळी मोजायची. शेवटच्या ओळीला दोन चांदण्या असायच्या."

शालनबाईंची मुद्रा उजळली. त्यांनी खुलासा केला तो ऐसा: खेळ रंगीत पडद्याकरिता रचलेला, आणि येथील पडदा एकरंगी; दोघांची भाषा भिन्न. मध्ये एक लहानसा प्रोग्राम दुभाष्याचे काम करीत असे, आणि त्याचीच ती चांदण्यांची ओळ. सदूने नवी डॉस बसविताना यंत्र सुरू होताना कोणत्या प्रोग्रामांनी हजर व्हावे ती यादी नवी लिहिली, आणि तीत दुभाष्याचे नाव लिहावयाचे राहून गेले.

रावजीराव पत्नीकडे पाहात म्हणाले, "ऐकलंस ना? यादीत लिहायचं राहून गेलं. मी काही केलं नव्हतं."

बाई आत आल्या आणि खुर्चीवर बसल्या.

मग दुभाष्याचा शोध सुरू जाहला. यंत्रात तो नव्हता; सदूने कचरा म्हणोन पुसिला होता. चिरंजीवांनी दिधलेल्या चौदा फ्लॉप्या कपाटातून काढिल्या. एकेक घालावी, यंत्राने घरघरावे, आणि नकार द्यावा. दोन फ्लॉप्यांस बुरशी. दहा गेल्या. अकरावीत दुभाषी सापडला! शालनबाईंनी त्यास यंत्रात उतरविले, यादीत त्याचे नाव पुन्हा दाखल केले, आणि यंत्र नव्याने सुरू केले. एक, दोन, तीन, चार, पाच ओळी, आणि दोन चांदण्या. खेळ उघडिला. डोंगर सांधला, डावीकडे एक किल्ला, उजवीकडे एक किल्ला.

बाईंनी आपला किल्ला डोळे भरोन पाहिला, आणि शालनबाईंस म्हणाल्या, "तू इथंच बैस. साक्षीला कोणीतरी पाहिजे."

लढाईस त्याच क्षणी तोंड लागले. रावजीराव वरणाने क्षीण, तरी निकराने लढले आणि दोन डाव मारिले. बाईंनी तीन मारिले. शेवटल्या डावी बाईंनी डोळा बारीक केला, बावन्न लिहिले, मग सत्तर लिहिले, आणि गोळा डोंगरावरून जाऊन राजश्रींचे बुरुजावर पडला.

रावजीराव चष्मा काढोन म्हणाले, "डोंबिवलीला उद्या पत्र टाकतो. येत नाही म्हणून."

बाई उठल्या. "तुमच्या नावानं उगाच बोलले मी," ऐसे भिंतीकडे पाहोन म्हणाल्या, आणि बंदरावर बांगडा आला असेल तो पाहावयास स्वतः गेल्या.

येणेप्रमाणे पडद्याची फत्ते शालनबाई जाधव यांची, लढाईची फत्ते दमयंतीबाईंची, आणि राजश्री रावजीरावांचा मोड जाहला परंतु इमान साबूत राहिले, हे त्रिवार नमूद. शालनबाईंस जेवूनच जाण्याचा हुकूम जाहला आणि त्यांनी तो मानिला. मुंबईस सदूकडे उभयतांच्या सहीचे फर्मान रवाना जाहले, ते ऐसे: मे महिन्यात आंबे खावयास जरूर यावे. यंत्राचे खोलीत पाऊल ठेवू नये.