आक्का, बारक्या आणि धारोष्ण दूध

आमच्या गल्लीत दिवस कोंबड्यानं उजाडत नाही, आक्कांच्या आरोळीनं उजाडतो. "नाक गार हाय!" हे नाक बारक्याचं, म्हणजे त्यांच्या कुत्र्याचं. डोळे उघडल्याबरोबर आक्का आधी ते नाक स्वतःच्या गालाला लावून बघतात, मग देवाला हात जोडतात. नाक गार म्हणजे कुत्रं ठणठणीत, असं त्यांना कुणीतरी सांगितलंय. तो माणूस मला एकदा भेटायला हवा. कारण नाक जरा कोमट लागलं की आक्का थेट माझ्या दारात. "सदा, तू लाव बघू गाल. माझाच गाल तापलाय का काय." आणि मी, हायस्कुलात पोरांना दरडावणारा माणूस, तोंडात ब्रश धरून कुत्र्याच्या नाकाला गाल लावतो.

बारक्या निम्मा पॉमेरियन आणि निम्मा गल्लीचा. आई बंगल्यातली, बाप कोण ते साऱ्या पेठेला माहीत आहे, पण कुणी बोलत नाही. अंगानं मांजराएवढा, भुंकतो मात्र डंपरवर.

आक्कांचा जन्म म्हशींत गेला. गोठ्यात दोन म्हशी. सांजच्याला त्या दूधकट्ट्यावर न्यायच्या, गिऱ्हाइकासमोर पिळायच्या आणि गिऱ्हाइकानं फेसाळलेला पेला उभ्या उभ्या रिकामा करायचा. त्यामुळं जनावर म्हटलं की आक्कांना म्हैसच कळते. बारक्या रवंथ करत नाही, ह्या काळजीनं सुरुवातीला त्यांना झोप नव्हती. दिवाळीच्या पाडव्याला म्हशी भादरून, शिंगं रंगवून मिरवतात. यंदा म्हशी भादरणाऱ्याकडून त्यांनी बारक्यालाही भादरून घेतलं. तो बिचारा लाजून कॉटखाली जाऊन बसला. जनावरांच्या डॉक्टरीणबाई कडाडल्या, "अहो, ते केस त्याला थंडीपासून राखतात आणि उन्हापासूनही!" "मग आदी सांगायचं की!" म्हणून आक्कांनी त्यांनाच झापलं आणि घरी येऊन आपल्या स्वेटरची बाही कापून बारक्याला घातली.

पण खरा घोळ दुधाचा. बारक्याला दोन्ही वेळा वाटीभर धारोष्ण दूध, तेही म्हशीचं. त्याचं पोट बिघडलं. पोट बिघडलं म्हणून आक्कांनी दूध वाढवलं. "आशक्त झालंय लेकरू, पोटात काय तरी जायला नगं व्हय?" दूध वाढलं तसं पोट आणखी बिघडलं. मी भीतभीत म्हणालो, "आक्का, दूधच बाधत असेल." जणू मी त्यांच्या म्हशीला शिवी दिली होती. "आरं, बाळंतिणी उठल्यात माज्या दुधावर! पैलवान झाल्यात!"

एका दुपारी त्या दारात आल्या त्या न ओरडता. पदरात बारक्या, मान टाकलेला. "सदा, गाडी काढ."

डॉक्टरीणबाईंनी त्याच्या मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच वर राहिली. "अंगातलं पाणी आटलंय. काय देताय खायला?"

आक्कांनी सांगितलं. बाईंनी क्षणभर डोळे मिटले. "आक्का, मोठ्या झालेल्या बहुतेक कुत्र्यांना दूध पचत नाही. त्यात म्हशीचं, आणि एवढुसं पोट ह्याचं. सलाईन लावते. बघू, आत्ताच काही सांगता येत नाही."

आम्ही बाहेर बाकावर बसलो. धारेची वेळ झाली. मी म्हणालो, "आक्का, म्हशी हंबरत असतील. कट्ट्यावर लोक थांबले असतील."

"थांबू देत."

नवरा गेला त्या दिवशीही ह्या बाईनं धार चुकवली नव्हती. मला आता खरीच भीती वाटायला लागली, बारक्याची आणि आक्कांचीही.

मग त्या आपणहून बोलल्या, हळू. "मला कळलंतं रं. दुधानंच हुतंय, हे मागंच कळलंतं."

"मग का पाजलंत?"

"पोरगं ऱ्हातंय पुण्याला. नातू पिशवीतलं पितोय, ह्या दुधाचा वास येतोय म्हणं. मालक गेल्यापास्नं घरात दूध प्यायला कोण न्हाय बघ. गिऱ्हाईक पितंय, पेला ठेवतंय, जातंय. ह्यो आला आन् पयल्याच दिशी वाटी चाटून माज्या तोंडाकडं बगत बसला. आणिक दे म्हणून. बंद करायचं ठरवायची मी, पर सांजचा हात आपसूक वाटीकडं जायचा."

मी उठून दाराच्या फटीतून आत बघितलं, सलाईन थेंबथेंब चाललं होतं.

दिवेलागणीला आतून एक चिरकं भुंकणं ऐकू आलं. बारक्या डॉक्टरीणबाईंवर भुंकत होता. त्या दारात येऊन हसल्या. "धोका टळला. मऊ भात द्या, पेज द्या. दुधाचा थेंबही नाही." आक्कांनी नुसती मान हलवली.

घरी येऊन त्यांनी बारक्याला टोपलीत निजवलं, बोटानं पेज चाटवली आणि मग कास तटतटलेल्या म्हशीखाली बसल्या. मी निघालो, तर मागून हाक आली. त्यांच्या हातात फेसाळलेला पेला होता.

"द्या, घरी नेतो. पोरं पितील."

"न्हाय. हितंच बस. हितं बसून पी."

मी गोठ्याच्या पायरीवर बसलो आणि पेला संपवला. तेवढा वेळ आक्का माझ्या तोंडाकडं बघत उभ्या होत्या. मी रिकामा पेला त्यांच्यापुढं धरला.

"आणिक द्या की, आक्का."