मीठ, टोपी आणि विशेष सभा

"नियम म्हणजे नियम!" शपथ घेऊन टाउनशिप हॉलमधून बाहेर पडताना क्लेटन यॉस्टने जाहीर केलं. "माझ्या कारकिर्दीत ओहायोतला सगळ्यात स्वच्छ कारभार याच टाउनशिपचा असेल!"

टाउनशिप म्हणजे तिथली ग्रामपंचायतच. कारभार म्हणजे काय, तर रस्त्यांवरचा बर्फ काढायचा, दफनभूमीतलं गवत कापायचं आणि दोन शेजारी कुंपणावरून भांडले की मध्ये पडायचं. हे पाहायला निवडून दिलेले तीन ट्रस्टी. त्यातला एक आता क्लेटन आणि दुसरा, गेली अकरा वर्षं, त्याचा जिवलग मित्र हार्लन बाउमन.

नियमांचं पुस्तक क्लेटनने रविवारी चर्चमध्येसुद्धा वाचलं. त्यात त्याला सापडलं की तिघांपैकी दोन ट्रस्टी एकत्र बसून कामाचं बोलले की ती सभा होते. आणि सभेची सूचना चोवीस तास आधी दारावर लावावी लागते! क्लेटनला दरदरून घाम फुटला, कारण तो आणि हार्लन चाळीस वर्षं रोज सकाळी वांडाच्या हॉटेलात एकाच टेबलावर नाश्ता करत होते.

सोमवारी तो थेट कोपऱ्यातल्या टेबलावर जाऊन बसला.

"अरे, इकडे ये की!" हार्लनने हाक मारली.

"वांडा, त्याला सांग, मी त्याच्याशी बोलू शकत नाही!"

"तूच सांग. आठ फुटांवर बसलाय तो!" वांडा म्हणाली.

"बरं, निदान ते मीठ तरी दे," हार्लन म्हणाला.

क्लेटनचा हात बरणीपाशी गेला आणि तिथेच थांबला. हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ कोण टाकतं? टाउनशिप! म्हणजे मीठ हा कामाचाच विषय! त्याने हात मागे घेतला. हार्लनने अंडी अळणीच खाल्ली आणि तो निघून गेला.

दुपारपर्यंत गावभर झालं की यॉस्ट आणि बाउमन यांचं कुंपणावरून फाटलं. संध्याकाळपर्यंत त्या कुंपणावर बंदूकही रोखली गेली होती! मंगळवारी पाद्री समजूत घालायला आले. शेजारणींनी दोन्ही घरी चीज घालून भाजलेल्या शेवयांचा थाळा पाठवला, जो एरवी मयताच्या घरी जातो. क्लेटनने तो आवडीने खाल्ला. स्वच्छ कारभारासाठी थोडा त्रास व्हायचाच!

बुधवारी हार्लन हॉटेलात आलाच नाही. गुरुवारीही नाही.

शुक्रवारी सकाळी आपल्या अंगणातला बर्फ ओढताना क्लेटनला शेजारच्या स्वयंपाकघराची खिडकी दिसली. आत हार्लन कोट घालून सिंकपाशी उभ्याउभ्या दूध-कॉर्नफ्लेक्स खात होता. टेबल रिकामं होतं. गेल्या शरद ऋतूत त्याची बायको आर्डिस वारल्यापासून तो त्या टेबलावर एकटा बसलाच नव्हता. बसायचा तो फक्त वांडाकडे, क्लेटनच्या समोर.

क्लेटनने फावडं तिथेच टाकलं. आपण कसला गाढवपणा केला! तो धावत हार्लनच्या दारापाशी गेला, हात वर केला आणि थबकला. एका छपराखाली दोन ट्रस्टी!

"हार्लन!" तो बाहेरूनच ओरडला. "उद्या साडेसहा! वांडाकडे! मी सूचना लावतो!"

हॉलच्या दारावर कागद लागला, 'ट्रस्टींची विशेष सभा.' शनिवारी हॉटेलात पाय ठेवायला जागा नव्हती. भांडण बघायला अख्खं गाव लोटलं होतं! टाउनशिपच्या चिटणीस लोईसबाई, ज्यांनी या दोघांना तिसरीत शिकवलं होतं, वही उघडून बसल्या.

"सभेचा विषय?"

क्लेटनने घसा साफ केला. "हार्लनबरोबर नाश्ता."

"क्लेटन यॉस्ट!" लोईसबाईंनी चष्मा काढला. "तुम्हाला जेवायला कुणी मनाई केली? फक्त टाउनशिपच्या कामाचं बोलू नका, एवढाच नियम आहे! नीट वाचलं असतंस तर कळलं असतं!"

सगळं हॉटेल हसलं. क्लेटन कानापर्यंत लाल झाला आणि हार्लनच्या समोर जाऊन बसला. चाळीस वर्षं ते फक्त रस्ते आणि नाल्यांवर बोलत आले होते. दुसरं काय बोलायचं असतं, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

शेवटी क्लेटनने मिठाची बरणी हळूच पलीकडे सरकवली.

हार्लनने अंड्यांवर मीठ घातलं. "आर्डिसला तुझी ही लाल टोपी मुळीच आवडायची नाही," तो म्हणाला. मयतानंतर तिचं नाव त्याने आज पहिल्यांदा घेतलं होतं.

"मला कधी बोलली नाही!"

"मला रोज बोलायची. तू दारातून गेलास की लगेच." हार्लन हसला, आणि हसताहसता त्याचे डोळे भरून आले. मग तो बोलतच राहिला. कॉफी तीनदा भरून आली. गाव हळूहळू पांगलं.

क्लेटनने टोपी काढून मांडीवर ठेवली. लोईसबाईंनी मात्र सभा सोडली नाही. सोमवारी हॉलच्या दारावर त्यांच्या वळणदार अक्षरातला वृत्तांत लागला.

'विशेष सभा. उपस्थित ट्रस्टी दोन. कामकाज काही नाही. श्री. यॉस्ट यांची टोपी एकमताने नामंजूर.'