कासऱ्यानं बांधलेलं घर

भर मे महिन्यात, आमच्या यवतमाळच्या उन्हात, लोकरीचं स्वेटर आणि कानटोपी घालून घराबाहेर पडणारा माणूस तुम्ही पाहिला आहे का? मी पाहिला आहे. पाहिला काय, त्याच्या मागं मागं पहाड चढले आहे. तेही कमरेला बैलाचा कासरा बांधून!

हे आमचे महादेवभाऊजी. माझे सर्वांत धाकटे दीर. आम्ही राहायचो फुलसावंगीला आणि भाऊजी महागावला कापसाच्या एका जिनिंगमध्ये फिटर होते. लग्न केलं नाही. कोणी विषय काढला की म्हणायचे, "मशीनीनं कान खाल्ले, आता बायकोले खायले काय ठेवू?" मशीनीच्या आवाजात राहून राहून त्यांना हळू बोलताच येत नसे. गुपित सांगायला जवळ बोलवायचे आणि तिसऱ्या घरापर्यंत ऐकू जाईल असं सांगायचे.

त्यांच्या डोक्यात पहाड शिरला तो सलूनमधल्या कॅलेंडरावरून. बर्फाचा मोठा डोंगर, त्यावर रांगेनं चढणारी माणसं, सगळ्यांच्या कानटोप्या, आणि सगळे एकाच दोरात ओवलेले. भाऊजी दाढी झाल्यावरही त्या चित्रासमोर बसून राहायचे. घरी आले की मला समजावून सांगायचे, "पाहा वहिनी, एक घसरला तं बाकीचे धरतेत. एकट्यानं घसराची सोयच नाही ठेवली त्याइनं."

मी म्हणायची, "आपल्याकडं बर्फ कुठी हाय भाऊजी? आइसकांडीवर चढता का?"

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग कापसाची ती वाईट वर्षं आली. आमच्या घरात ती कशी शिरली ते थोडक्यात सांगते, लांबवण्याची माझी हिंमत नाही. कार्तिकात माझे मधले दीर सकाळी वावरात गेले आणि फवारणीचं औषध पिऊन तिथंच धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, निजले. त्यांची बायको कमल, दोन लहान पोरी. कमल रडली नाही, आणि त्या दिवसापासून बोललीही नाही. भाकरी थापायची, पोरींच्या वेण्या घालायची, आणि काम संपलं की विहिरीकडच्या दारात जाऊन बसायची. विहिरीकडंच पाहत.

मला तिची भीती वाटायची. खरं सांगते, दुसरं काही सुचतच नव्हतं. औषधाचे डबे आमच्या ह्यांनी लांब नेऊन पुरले. मी घरातला दोर न् दोर गोळा करून माळ्यावर, गोधड्यांच्या खाली लपवला. बैल विकले होते, त्यांचे मागं उरलेले कासरेसुद्धा तिथंच दडवले. अंगणात वाळत घालायची दोरीही काढली, लुगडी कुंपणावर टाकायला लागले. शेजारणी विचारायच्या, "काहून वो बाई, दोरी चोरीले गेली का?" मी हो म्हणायची.

त्या साली जिनिंगमध्ये कापूसच आला नाही, त्यामुळं मशीन लवकर बंद झाली. भाऊजी घरी बसले. आणि एका सकाळी पाहते तर काय! माळ्यावरून गोधड्या खाली पडलेल्या, अंगणात भाऊजी स्वेटर-कानटोपी घालून उभे, हातात कासऱ्यांना कासरे जोडून केलेला लांबलचक दोर, आणि तो दोर ते कमलच्या कमरेला बांधून राहिले आहेत.

माझ्या हातातलं पातेलं पडलं. "भाऊजी! काय बयताडपणा लावला हा? जिच्यापासून दोर लपवला, तिलेच देऊन राह्यले?"

"लपवला म्हणून दोर सरते का वहिनी?" ते त्यांच्या नेहमीच्या आवाजात ओरडले. "त्याले दुसरं काम द्या. चाला, पहाडावर जाऊ."

सगळ्या गल्लीनं ऐकलं. कमलनंही ऐकलं. पण तिनं दोर सोडला नाही.

अशी निघाली आमची वरात. सगळ्यांत पुढं भाऊजी, मागं कमल, मग दोन पोरी आणि शेवटी मी. मला शेवटी का ठेवलं म्हणाल, तर माझ्या अंगाकडं पाहून भाऊजी म्हणाले होते, "तुमी आपला खुंटा, वहिनी. काही झालं की मटकन बसून घ्याचं. बाकी काही करू नका." एका कासऱ्याला बैलाचा घुंगरू राहिला होता, तो दर पावलाला वाजायचा.

रस्त्यावर रहीमभाईचं गॅरेज. ते जीपखालून डोकं काढून म्हणाले, "का महादेव, आज बैलबाजार कोनत्या गावचा? जोडी चांगली हाय!"

"पहाड आहे रहीमभाई, मजाक नाही!" भाऊजी गरजले.

रहीमभाई पोट धरून हसले. पण परत येताना त्यांनी आम्हाला थांबवलं, कासरा चाचपून पाहिला आणि आतून गाडी ओढायचा जाड दोर आणून दिला. "ये ले. तुह्या कासऱ्याचा भरोसा नाही. हा ट्रक ओढते, तं भाभीले बी ओढीन." भाभी म्हणजे मी!

मग तो उन्हाळाभर नेमच झाला. पहाटे उठायचं, बांधून घ्यायचं आणि म्हसोबाच्या पहाडावर चढायचं. मोहाच्या झाडाखाली पहिला मुक्काम. तिथं भाऊजी सगळ्यांना जोरजोरात श्वास घ्यायला लावायचे, "वर हवा कमी राह्यते." आमचा पहाड तो केवढा, वरून आमच्याच घराच्या छपराची कवेलू दिसायची. एकदा वानरानं भाकरीचं फडकं पळवलं, तर त्याच्यामागं भाऊजी धावले आणि भाऊजींच्या मागं आम्ही सगळ्या, बांधलेल्याच. दुसऱ्या टोकाला मी मटकन बसले म्हणून वानर वाचलं. पोरी पोट दुखेपर्यंत हसल्या. टेंभुर्णीची फळं खाऊन त्यांची तोंडं पिवळी व्हायची. बापाच्या मागं त्या पहिल्यांदा हसत होत्या. कमल मात्र तशीच. वर गेलं की कड्याकडं तोंड करून बसायची, आणि भाऊजी तिच्या शेजारी, दोर मुठीत गच्च धरून.

मिरगाच्या आधीची गोष्ट. कड्याच्या अंगाला एक अरुंद वाट होती, बकऱ्यांची. भाऊजी सगळ्यांत पुढं, हातानं कपारीला धरून उभे. खाली नुसते धोंडे. आणि एकाएकी ते खाली गेले. ओरडले नाहीत. जन्मात पहिल्यांदा तो माणूस गप होता.

दोराला हिसका बसला. मी सांगितल्यासारखी मटकन बसले, पोरींना कवेत घेतलं. आणि पुढं पाहते तर कमल! दोन्ही पाय खडकाला लावून, मागं रेलून, दोर हातांत गुंडाळून. तळहात सोलून निघत होते.

"पाय टेकवा!" ती ओरडली. "भाऊजी, पाय टेकवा म्हंते ना! आता तुमी बी का? तुमी बी?"

किती महिन्यांनी ऐकला मी तो आवाज. भाऊजींनी पाय टेकवला. आम्ही त्यांना ओढून घेतलं. कमल त्यांना शिव्या देत होती, रडत होती, पुन्हा शिव्या देत होती. पोरी आईकडं आ वासून पाहत होत्या.

खाली मोहाच्या सावलीत बसलो. कमल झऱ्यावर पोरींना घेऊन हात धुवायला गेली, तिथूनही तिची बडबड ऐकू येत होती. मला इतका आनंद झाला होता! मी म्हटलं, "भाऊजी, काय नाटक केलं हो! मानलं तुमाले. अशानंच बोलती झाली ते."

भाऊजींनी कानटोपी काढली. केस घामानं चिकटले होते.

"नाटक नव्हतं वहिनी," ते म्हणाले, आणि इतक्या हळू म्हणाले की मला पुढं वाकावं लागलं. "म्या हात सोडला."

मी त्यांच्याजवळ सरकले.

"भाऊ गेला त्या दिवशी मी यष्टीले निघालो, तं तो म्हणे, येतो का संग वावरात? मी म्हटलं, मशीन चालू हाय." ते टोपी उलटसुलट करत राहिले. "आज कड्यावर उभा होतो, आन् वाटलं, बस झालं. दोराची यादच नाही राह्यली. पोरी बांधल्या होत्या वो वहिनी माह्या मागं. पोरी. तेबी याद नाही राह्यलं."

आम्ही सगळे कमलच्या विहिरीवर पहारा देत होतो. ह्या माणसाकडं कोणी पाहिलंच नव्हतं. जो मोठ्यानं बोलतो तो बराच असेल, असं धरून चाललो होतो.

मी कमलला काही सांगितलं नाही. पण तिनं मागून त्यांना हात सोडताना पाहिलं असावं. कारण दुसऱ्या दिवशी भाऊजी स्वेटर घालून अंगणात आले, नेहमीसारखे ओरडले, "पहाड आहे, मजाक नाही!" आणि दोर उचलायला वाकले, तर दोर आधीच कमलच्या हातात होता. तळहातांना हळदीच्या पट्ट्या बांधलेल्या. तिनं भाऊजींच्या कमरेला दोर घातला, गाठ मारली, ओढून पाहिली. पुन्हा ओढून पाहिली.

"पुढं मी राहीन," ती म्हणाली. "तुमी मधात."

भाऊजी मधात जाऊन उभे राहिले.